प्रदक्षिणा: पातळी मध्यम

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ठरलं. फेब्रुवारीत मिड-टर्मच्या सुट्टीत ऑस्ट्रिया, स्कीइंग. आम्ही तिघं (मी, बायको वृंदा, लेक ईशानी) आणि प्रताप-केतकी. प्रताप माझा पुण्याचा वर्गमित्र, आता इथे आयर्लंडात, ॲथलोनमध्येच, दोन गल्ल्या सोडून राहतो. आधी चार वर्षं दोघं म्युनिकला होते, त्यामुळे त्यांना स्कीइंग येतं.

काल त्यांच्याकडे जेवताना प्रतापने विचारलं, तुला येतं का रे? मी म्हणालो, गुलमर्गला केलंय. हे खोटं नाही. १९९९च्या कॉलेज ट्रिपमध्ये मी पायात स्की घालून उभा होतो. फोटो आहे. 'केलंय'मध्ये उभं राहणं बसतं का, यावर घरी येईपर्यंत विचार केला. बसतं.

खरी बातमी: ईशानी येते म्हणाली! चौदावं लागल्यापासून मुलगी आमच्याबरोबर दूध आणायलासुद्धा येत नाही. गेल्या वर्षी शाळेच्या ट्रिपमध्ये ती स्की शिकून आली. तिच्या तीन मैत्रिणी त्याच आठवड्यात त्याच गावी आहेत, हे येण्याचं कारण. मी विचारलं, आमच्याबरोबर किती दिवस? फोनमधून डोकं न काढता म्हणाली, वन डे. वन फुल डे विथ यू, बाबा, प्रॉमिस.

एक पूर्ण दिवस. पुढच्या वर्षी हाही मिळणार नाही, हे मला दिसतंय. तो असातसा जाता कामा नये. प्लॅन मी करणार. प्रताप म्हणाला, कर बाबा, मला एक्सेल बघितलं की झोप येते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नकाशा मिळाला. गावामागच्या डोंगराला पूर्ण वळसा घालणारा एक दिवसाचा मार्ग आहे. नऊ लिफ्ट, बावीस किलोमीटर. बहुतेक उतार निळे (म्हणजे सोपे), दोन लाल (म्हणजे मधले). वेबसाइट म्हणते, इंटरमीडिएट लोकांसाठी उत्तम.

प्रश्न: मी इंटरमीडिएट आहे का? स्वतःला फसवायचं नाही. मी मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये व्हॅलिडेशन करतो, म्हणजे मशीन जे करतं म्हणतात ते खरंच करतं का, हे कागदावर सिद्ध करतो. तीच पद्धत स्वतःला लावली.

थिअरी: दहापैकी ९ (अठरा व्हिडिओ पाहिले). साहित्याची माहिती: ८. फिटनेस: ६ (७ लिहिलं होतं, खोडलं). धोक्याची जाणीव: १०. प्रत्यक्ष अनुभव: लागू नाही.

'लागू नाही' सरासरीत धरत नाहीत. हा नियम मी केलेला नाही. सरासरी ८.२५. म्हणजे मध्यमपेक्षा बरंच वर. नम्रता म्हणून मध्यम धरलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रताप-केतकीला नकाशा दाखवला. केतकीच्या लक्षात आलं की सगळे बाण घड्याळाच्या उलट दिशेने आहेत. म्हणाली, उलटी प्रदक्षिणा? मी नाही बाई करणार. ती हसत म्हणाली, पण पूर्ण हसत नव्हती. प्रताप म्हणाला, अगं डोंगर आहे तो, मारुती आहे का?

मी धार्मिक नाही. पण पोरीबरोबरचा एकच दिवस आहे. कशाला?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

चार संध्याकाळी घालवून मार्ग सुलट केला. जवळजवळ सगळं जमतं. फक्त एके ठिकाणी स्की खांद्यावर घेऊन १.२ किलोमीटर चढ चालावा लागेल. प्लॅनमध्ये तिथे 'निसर्गभ्रमण' असं लिहिलंय.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

कँटीनमध्ये डेक्लनला प्लॅन दाखवला. तो आमच्या लाइनवरचा टेक्निशियन, दर वर्षी आल्प्सला जातो. चौदा पानं शांतपणे चाळली आणि एकच विचारलं, तुला थांबता येतं का?

थांबणं माझ्या तक्त्यात नव्हतंच. गंभीर त्रुटी. घरी येऊन पान तीनवर नियम घातला: 'प्रदक्षिणेत भाग घेणाऱ्याला निळ्या उतारावर स्वतःच्या मर्जीने थांबता आलं पाहिजे. आदल्या दिवशी चाचणी. अपवाद नाही, लीडरसह.' सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ईशानीने सही करताना माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. 'लीडरसह' हे आवडलं असावं.

शनिवार, ६ डिसेंबर

डब्लिनजवळ एक कृत्रिम स्की स्लोप आहे. टेकडीवर प्लास्टिकच्या ब्रशचा गालिचा अंथरलेला. सहा धड्यांचं पॅकेज घेतलं, इंटरमीडिएट बॅच.

निकाल: एकदा थांबलो. एका बाईंवर. माफी मागितली, त्या म्हणाल्या, यू आर ग्रँड, लव्ह (इथे याचा अर्थ 'काही हरकत नाही'), आणि आपला चष्मा शोधू लागल्या.

दुसरा प्रयत्न कुंपणापर्यंत.

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की ब्रश हा बर्फाचा योग्य प्रतिनिधी नाही. घर्षण वेगळं, उतार वेगळा, माणसं मध्ये उभी. अशा परिस्थितीतली चाचणी बाद धरावी लागते. पुन्हा जाणार नाही. वृंदा म्हणाली, पाच धडे भरलेत ना? फुकट कशाला घालवायचे? मी जाईन शनिवारी. मी म्हटलं, तू तर हॉटेलात बसून पुस्तक वाचणार होतीस. म्हणाली, वाचीन की.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

संकल्प: रोज चाळीस उठाबशा. मांड्या म्हणजेच स्कीइंग, असं व्हिडिओतला माणूस म्हणतो.

सोमवार, ५ जानेवारी

पंधरा. दर्जा महत्त्वाचा.

शुक्रवार, ९ जानेवारी

उठाबशांऐवजी ऑफिसात लिफ्ट सोडून जिना.

बुधवार, १४ जानेवारी

जिना फक्त उतरताना. स्कीइंग शेवटी उतरण्याचंच आहे.

शनिवार, २४ जानेवारी

सुपरमार्केटच्या मधल्या रांगेत स्कीचे कपडे आले होते. माझ्या मापाची पँट फक्त केशरी रंगात शिल्लक. घरी आणून हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टांगली. ईशानीने टॉवेल काढायला प्रेस उघडला आणि ओह माय गॉड म्हणून लावून घेतला. म्हणाली, नो वे ॲम आय गेटिंग सीन विथ दॅट. मी सांगितलं, धुक्यात हरवलो तर दिसायला बरं. म्हणाली, बाबा, दॅट्स द प्रॉब्लेम.

रविवार, १ फेब्रुवारी

प्लॅनची सातवी आवृत्ती लॅमिनेट केली. प्रत्येक लिफ्टची वेळ, स्वच्छ टॉयलेट कुठे, कुठे ऊन कधी येतं, जेवणाचं टेबल १२:४० ला पाच जणांचं. शेवटच्या चेअरलिफ्टवर दोघांच्या सीट आहेत, तिथे मी आणि ईशानी. अकरा मिनिटं लागतात. काय बोलायचं तेही थोडं ठरवलंय.

ईशानीने प्लॅन हातात घेतला. दोन मिनिटांनी म्हणाली, हे उलटं का आहे? बाणांप्रमाणे गेलं तर चालायलाच लागत नाही. मी केतकीला फोन केला. केतकी म्हणाली, अरे उल्हास, मी तेव्हा गंमत करत होते. तीन महिने तू हे करत होतास?

आवृत्ती आठ.

शनिवार, १४ फेब्रुवारी, ऑस्ट्रिया

पोचलो. डोंगर नकाशापेक्षा उभा आहे.

रविवार, १५ फेब्रुवारी

भाड्याच्या दुकानात फॉर्म भरायचा होता: लेव्हल १, २ की ३? मी २ वर खूण केली. बाहेर पडलो. मनाला पटेना. परत आत जाऊन काउंटरवरच्या माणसाला विचारलं, उणे दोन, म्हणजे दोनला थोडं कमी, असं काही लिहिता येईल का? त्याने मला नीट पाहिलं, पँट पाहिली, आणि १ लिहिलं. मी वाद घातला नाही. तो त्याचा विषय आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सगळे सरावासाठी चेअरलिफ्टने वर गेलो. वर पोचल्यावर खुर्चीतून उठायचं असतं. नेमकं कोणत्या क्षणी, हे व्हिडिओंमध्ये तीन प्रकारे सांगितलंय. तीनपैकी कोणता, हे मी ठरवेपर्यंत खुर्ची वळली. सगळे उतरले, मी त्याच खुर्चीतून खाली परत आलो. समोरून वर येणारी प्रत्येक खुर्ची माझ्याकडे बघत होती. एक ओळखीची लांब वेणी होती, ईशानीची मैत्रीण. हात केला. तिनेही केला. चांगली मुलगी.

तांत्रिकदृष्ट्या आज पूर्ण फेरी फक्त मी मारली.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

चाचणी. निळा उतार, सर्वांत सपाट तुकडा. प्रताप, केतकी, ईशानी थांबले. वृंदा थांबली. बर्फ उडवत, एका बाजूला वळून, व्हिडिओसारखी! पाच शनिवार ती नुसते धडे वसूल करत नव्हती तर.

मी.

तीन प्रयत्न. तिसऱ्या वेळी थांबलो, पण स्नो-मशीनभोवती गुंडाळलेल्या गादीमुळे. प्रताप म्हणाला, अरे थांबलास ना, झालं, कोण बघतंय? केतकी म्हणाली, चल रे, सांभाळून घेऊ. ईशानी म्हणाली, इट्स फाइन, बाबा, जस्ट कम.

ती 'कम' म्हणाली. हे इथे लिहून ठेवतो.

पण 'स्वतःच्या मर्जीने' हे शब्द मीच घातलेत. मर्जी होती का? होती, पण गादीआधी नाही. आणि उद्या बावीस किलोमीटरमध्ये मी कुणावर जाऊन आपटलो, कदाचित तिच्यावरच, तर? पेन मागून घेतलं. निकालाच्या रकान्यात 'नापास' लिहिलं, सही केली, तारीख घातली. ईशानी म्हणाली, सीरियसली? प्रताप म्हणाला, हा कॉलेजातसुद्धा असाच होता, कॉपी करायचा नाही आणि करूही द्यायचा नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी, प्रदक्षिणेचा दिवस

९:०० चौघं निघाले. लॅमिनेट केलेला प्लॅन वृंदाच्या खिशात. मी मॅजिक कार्पेटवर, म्हणजे जमिनीवरच्या सरकत्या पट्ट्यावर. बिगिनर्सचा वर्ग. आम्ही आठ जण. माझ्याखालोखाल वयाने मोठा फेलिक्स, वय पाच.

१०:२० वृंदाचा मेसेज: तिसरी लिफ्ट, वेळेवर.

११:१५ आमच्या टीचरबाईंनी सांगितलं, पाय पिझ्झासारखे करा. मी विचारलं, किती अंशांचा पिझ्झा? त्या म्हणाल्या, बिग पिझ्झा.

१२:४२ जेवायला पोचले. माझ्या वेळेच्या मागे दोनच मिनिटं! बावीस किलोमीटरचा प्लॅन, बसल्या जागी केलेला. प्रतापचा मेसेज: टॉयलेट खरंच स्वच्छ आहे, साष्टांग नमस्कार. पाचवी खुर्ची रिकामी दिसावी असा फोटो. मला वाटतं मुद्दाम नसावा.

३:३५ परत आले. सगळे लाल, खूश. प्लॅनमध्ये एकही चूक निघाली नाही. मी आठ महत्त्वाचे प्रश्न विचारले, वृंदाने आठांचीही उत्तरं दिली. शेवटच्या चेअरलिफ्टवर ईशानीबरोबर कोण बसलं, हा नववा. ती म्हणाली, मी. काय बोललात? ती म्हणाली, बरंच. पुढे सांगितलं नाही.

जेवताना ईशानीला म्हटलं, तुझा एक दिवस झाला, पण तो माझ्याबरोबर झाला नाही. तेव्हा तो धरायचा की नाही, हे मला खरंच कळत नाहीये. तुला धरायचा असेल तर धर. ती प्लेटमधला बटाटा बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, टुमॉरो, थ्री टू फोर. आणि पँट बदल.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

वृंदाची काळी पँट घातली. पोटावर बटण लागलं नाही, वरून जॅकेट.

तीनला ती आली! वेळेवर. मैत्रिणींना खाली कॅफेत बसवून आली. कार्पेटवरून वर, ऐंशी मीटर खाली, परत वर. ती माझ्यापुढे उलटी घसरत होती, माझे दोन्ही हात धरून, आणि सांगत होती, गुडघे वाक, बाबा, माझ्याकडे बघ, पायाकडे नाही. तिच्या हातात हात शेवटचा कधी होता, आठवलं नाही. ठरवलेलं काही बोलायला सुचलं नाही. तिसऱ्या फेरीत फेलिक्सही येऊन चिकटला, मग तिने एक हात त्याला दिला. मी हरकत घेतली नाही. तो लहान आहे.

नऊ फेऱ्या. एकदा थांबलो, सर्वांदेखत, गादीशिवाय.

चारला फेलिक्सची आई आली. तिला ईशानी टीचरच वाटली. विचारलं, उद्याही घेशील का दोघांना? ईशानी म्हणाली, सॉरी, उद्या माझा मैत्रिणींबरोबर प्लॅन आहे. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, पण हा सोपा आहे, सगळं ऐकतो. फक्त प्रश्न फार विचारतो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

शेवटचा दिवस. वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

तीन वाजता वर डोंगराकडे पाहिलं. चार मुली लाल उतारावरून येताना दिसल्या, त्यात ती असावी. नक्की सांगता येत नाही.

ती येते म्हणाली नव्हतीच. हे स्पष्ट असावं म्हणून लिहितो.

चारला वर्ग सुटला. एकेकाला न्यायला आईबाप येत गेले. फेलिक्सची आई आली, फेलिक्स गेला. टीचरबाई मला म्हणाल्या, तू जाऊ शकतोस, तू मोठा आहेस. मी म्हणालो, हो, पण बूट निघत नाहीयेत.

मग मला न्यायला वृंदा आली.