ताईच्या रकान्यातले तीन तास

सोमवार, ४ मार्च

वकीलबाई खटला हरल्या. डोळे पुसले — मी, त्यांनी नव्हे. चारला बातम्या धाडून झाल्या की सातपर्यंत टीव्हीपुढे माझं हेच चालतं.

आज मध्येच पाहणीच्या बाई आल्या. टीव्हीचा आवाज जिन्यातच ऐकला असणार. आठवड्याचं पत्रक देऊन गेल्या. घरातल्या प्रत्येकाचं उत्पन्न, टीव्हीचे तास आणि आनंद, दहापैकी. तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, ते शोधतायत म्हणे.

"लिहिणं तुझं काम," ताई म्हणाली आणि शेजाऱ्यांचे फाटके कपडे फुकट शिवायला बसली.

बुधवार, ६ मार्च

माझा रकाना: उत्पन्न — आहे. तास — शून्य. आनंद — आठ.

टीव्ही हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असा लेख गेल्याच महिन्यात छापून आलाय माझा. तीन तास कोणत्या तोंडाने लिहू? पण बाईंनी आवाज तर ऐकलाय. ते तास कुठेतरी घालायला हवेत.

ताई: उत्पन्न — नाही. तास — तीन. आनंद — चार. बिनकमाईची बाई एवढा टीव्ही बघून सुखी आहे, हे कोणाला पटलं असतं?

टीव्ही पाहिला जातो. कर्मणि प्रयोग. कर्ता सांगायची सक्ती नाही.

शुक्रवार, ८ मार्च

"भरलंस का रे ते?"

"भरलं गेलं."

ताईच्या भुवया वर गेल्या.

सोमवार, ११ मार्च

बाईंनी पत्रक वाचलं. "मावशी, रोज तीन तास?"

मी चष्मा शोधू लागलो. तो नाकावर होता.

ताईने माझ्याकडे पाहिलं. इतकंच. "हो, बसते खरी. वाईट खोड."

"काय बघता?"

"ती वकीलबाईंची मालिका." मग माझ्याकडे वळून, "अरे पंडित, शेवटी तिचं काय झालं रे?"

आणि मी सांगितलं! सासऱ्याच्या खोट्या मृत्युपत्रासकट. बाई पेन थांबवून ऐकत होत्या. भान आलं तेव्हा कान तापले होते.

बाईंनी माझं शून्य काही बदललं नाही. ताईला मात्र म्हणाल्या, "आकडे बरे नाहीत, मावशी. एकटेपणाबद्दल बोलायला आमचं माणूस येईल."

"येऊ दे. चहा पिऊन जाईल. कागद उद्या न्या, मी एकदा नजर घालते."

त्या गेल्यावर ताई शिवणाकडे वळली. मशीन चालू केलं.

पन्नाशीचा भाऊ, साठीची बहीण, आणि खोटं बोलायची पाळी तिच्यावर. आता कर्तरी प्रयोगात लिहितो: मी घाबरतो. मी लपतो. तेही तिच्या पाठीमागे.

मंगळवार, १२ मार्च

कागद टेबलावर आहे. पेन्सिलीने दुरुस्त केलेला. तास तिने तसेच ठेवलेत, तिच्याच नावावर. आनंद तेवढा बदललाय. तिच्यापुढचा चार खोडून आठ. माझ्यापुढचा आठ खोडून चार.

खोडरबर शेजारीच होतं. मी उचललं नाही.