बारा गुप्तहेर आणि एक कोरी पट्टी

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. बोललेलं लोक नाकारतात, लिहिलेलं पुरावा म्हणून राहतं. वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात.

काल सत्ताविसावा सामना हरलो. दर शनिवारी स्टेशनरीच्या दुकानाच्या माळ्यावर आम्ही चौघं पत्त्यांचं युद्ध खेळतो: दातांचा डॉक्टर, ग्रंथालयातल्या बाई, माझा मेहुणा आणि मी. साधे पत्ते नव्हेत. प्रत्येकाचा विकत घेऊन, अदलाबदल करून जमवलेला साठ पत्त्यांचा गठ्ठा. त्यात राक्षस, सैनिक, जादू. प्रत्येकाला वीस प्राण. शेवटी उरेल तो जिंकला. दुकानदाराने विजेत्यासाठी ठेवलेल्या चषकाखाली, म्हणजे आमच्या कपाखाली, चार पितळी पट्ट्या आहेत. पहिल्यांदा जिंकलं की आपल्या पट्टीवर नाव कोरलं जातं. तीन कोरून झाल्यात. कोरी आहे ती माझी.

सत्तावीस सामने, शून्य विजय. हा योगायोग नव्हे. तिघांचं साटंलोटं आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
कारखान्यात आज चौदा नळ नापास केले. साहेब म्हणाले, त्यातले बारा चांगले आहेत. साहेब भोळे आहेत. न गळणारा नळ नसतो, तो फक्त अजून गळलेला नसतो.

डबा खाताना डावपेच ठरवला. चौघांच्या खेळात जो ताकदवान दिसतो त्याच्यावर बाकीचे तुटून पडतात. म्हणून आपण गरीब गाय दिसायचं. कुणाशी तह करायचा नाही. माळ्यावरचा चहा प्यायचा नाही (कप धरताना पत्ते दिसतात).

८ फेब्रुवारी, शनिवार
गरीब गाय उत्तम जमली. पाऊण तास कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग बाईंनी एका फटक्यात माझे वीसच्या वीस प्राण घेतले आणि सॉरी म्हणाल्या. सॉरी कशाला? मनात पाप असल्याशिवाय माणूस सॉरी म्हणत नाही.

सामन्यानंतर डॉक्टरने सांगितलं, दवाखाना हलवून तो दुसऱ्या गावी चाललाय. बावीस तारखेचा सामना शेवटचा. जो तो सामना जिंकेल त्याने कप कायमचा घरी न्यायचा. मग खेळ बंद.

म्हणजे नाव कोरायला दोनच संधी. घरी येताना घशाशी काहीतरी आलं. ॲसिडिटी असावी.

१२ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ७.१०
बायको स्वयंपाकघरात फोनवर. नळ मुद्दाम सोडलेला, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. तरी ऐकलं. भावाला सांगत होती की बावीसला काय ते उरकून टाका, यांना मात्र कळता कामा नये.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. पोहे दोनदा घेतले, संशय नको म्हणून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
शोकेसच्या मधल्या कप्प्यातला फ्लॉवरपॉट गायब. बायको म्हणते, धुवायला काढलाय. मग ती टेपने कप्प्याची उंची का मोजत होती?

१५ फेब्रुवारी, शनिवार
हरलो. ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की डॉक्टरने मला बाजूला घेऊन सल्ला दिला: एवढे राक्षस आहेत तर नुसते बसवून काय ठेवता, हल्ला करा. शत्रू कधी फुकट सल्ला देतो?

ताबडतोब उलटं केलं. राक्षस काढले. सोनेरी अजगरसुद्धा दुकानदाराला देऊन टाकला आणि बदल्यात गुप्तहेर घेतले. गुप्तहेराचा पत्ता टाकला की समोरच्याच्या हातातले सगळे पत्ते बघता येतात. वर आपल्या गठ्ठ्यातून तीन पत्ते उचलावे लागतात. फायदाच फायदा. असे बारा.

दुकानदार म्हणाला, जपून, गठ्ठा संपला आणि उचलायला पत्ता उरला नाही की माणूस बाद होतो. याला माझी एवढी काळजी का?

२२ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी ६
नीट लिहितो.

सुरुवातीलाच मेहुण्याने सगळी फौज डॉक्टरवर घातली. डॉक्टर हसत हसत बाद. मग बाईंनी मेहुण्याला बाद केलं. तोही हसत. माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही. उरलो बाई आणि मी. बाईंचे दोन प्राण शिल्लक, समोर एकही सैनिक नाही. माझे सैनिक पाच.

इतकं सोपं काही नसतं. मी गुप्तहेर पाठवला. बाईंच्या हातात बचावाचा एकही पत्ता नाही. मग खरा पत्ता कुठे दडवलाय? दुसरा पाठवला. तेच. असे बाराही पाठवले.

बाई म्हणाल्या, अहो, मारा की. डॉक्टर म्हणाला, मारा. मेहुण्याने तर हात जोडले, भाऊजी, मारा हो आता. तिघं एका सुरात! तिथेच माझी खात्री पटली. मी हल्ला केला नाही. शांतपणे पुढचा पत्ता उचलायला हात नेला.

खाली नुसतं टेबल होतं.

दुकानदाराने नियम हळू आवाजात वाचला. बाद. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकल्याचा आनंद, दुसरं काय.

२३ फेब्रुवारी, रविवार
चहाबरोबर बायकोने सगळं सांगितलं. कट होता. मला जिंकवायचा. डॉक्टरला कोरी पट्टी मागे ठेवून जाववत नव्हतं. त्याने मेहुण्याला गाठलं, मेहुण्याने बहिणीला. मधला कप्पा कपासाठी मोकळा केला होता. दुकानदाराने तर शुक्रवारीच पट्टीवर माझं नाव कोरून ठेवलं. आता कप बाईंच्या घरी, माझ्या नावासकट.

खूप वाईट वाटलं. ॲसिडिटी नव्हे. डॉक्टरला फोन करायला तीनदा उठलो, तीनदा बसलो.

तरी एक नोंद हवीच. ते तिघं, बायको आणि दुकानदार, पाच जण पंधरा दिवस खपले, तरी मला जिंकवणं त्यांना जमलं नाही.

दुपारी फ्लॉवरपॉट जागेवर परत आला. बोट फिरवून पाहिलं. धुतलेला नव्हता.