एकशे एक्याण्णवचं काय करू

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा (म्हणजे पन्नाशीला टेकला तरी तुझ्या लेखी अजून नाक पुसता न येणाऱ्याचा) साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला, की नेहमीप्रमाणे जपून ठेवलाय? आमच्याकडे सगळं ठीक. तुझी भावजय दिवसभर प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते आणि घरी येऊन माझं आटवते, त्यातही नवीन काही नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतेस आणि मला एका दमात सांगायचंय. शिवाय सांगताना तुझं तोंड दिसू नये ही सोय फक्त पत्रातच असते.

तर ताई, मी परीक्षा दिली. हो, तीच प्रवेश परीक्षा, जी मी चौदा वर्षं शिकवतोय. माझ्या सकाळच्या तुकडीत एक परिचारिका येते, ड्युटी संपवून थेट, कधी कधी गणवेशातच. बाई शांत, वहीत मन घालून लिहिणारी. गेल्या महिन्यात मी फळ्यावर वेळेच्या नियोजनाचा तक्ता काढत होतो, तेव्हा तिने मागून साधेपणाने विचारलं, "सर, तुम्हाला किती पडले होते?" चौदा वर्षांत कोणाला हा प्रश्न पडला नव्हता. मी खडू खाली ठेवला, हात झटकले, आणि आमच्या काळी गुण नव्हते, श्रेणी होती, असं ठोकून दिलं. ताई, आमच्या काळी ती परीक्षाच नव्हती. ती सुरू झाली तेव्हा मी नोकरी सोडून क्लासची पाटी रंगवत होतो. पोहायला शिकवणारा काठावर उभा असला तरी चालतं, असं मी स्वतःला समजावत आलोय. पण शिकणाऱ्यांना वाटत असतं की हा निदान एकदा तरी भिजला असेल. मला ते लागलं, आणि मी गुपचूप नाव नोंदवलं.

शनिवारी सकाळी केंद्रावर गेलो. दारावरच्या माणसाने माझे खिसे उलटे करायला लावले आणि चष्मा काढून त्याच्या काड्या उजेडात धरून पाहिल्या (जणू मी काड्यांत सूत्रं भरून आणली होती). "काका, मुलाला सोडायला आलात तर बाहेरच्या बाकावर बसा," असंही तो आधी म्हणाला होता, ते मी सोडून देतो. आत एकेक खुर्ची, एकेक संगणक आणि आवाज येऊ नये म्हणून कानांवर घालायच्या त्या मोठ्या फुगीर वाट्या. माझ्या शेजारी माझ्या निम्म्या वयाची एक मुलगी बसली होती, आणि ती सुरुवातीपासून अशा वेगाने कळा बडवत होती की मला वाटलं तिला उत्तरं नव्हे, तक्रार लिहायची आहे. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की पहिल्या प्रश्नाआधी तीन खोल श्वास घ्या. मी घेतले. दुसऱ्या श्वासाला पर्यवेक्षिका येऊन दम्याचा त्रास आहे का, असं विचारून गेली.

आता खरी गंमत ऐक. प्रश्न मला येत होते. हे मी तुझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगतो (माझ्या गळ्याची कोणी धरत नाही). पण चौदा वर्षांची सवय अशी की प्रश्न दिसला की मी तो सोडवत नाही, समजावतो. मनातल्या मनात फळा पुसायचा, दिलेली माहिती डावीकडे लिहायची, काय काढायचंय ते उजवीकडे, मग पद्धत एक, पद्धत दोन, लोक कुठे चुकतात ते लाल खडूने, आणि शेवटी मागच्या बाकासाठी पुन्हा एकदा. एका आगगाडीच्या गणितात तर मी "समजलं का?" म्हणून थांबलो आणि कोणी हो म्हणेना म्हणून परत पहिल्यापासून सुरू केलं. पुढे गांडुळांवरचा एक उतारा आला. लेखकाचं तिसरं वाक्य मला पटलं नाही, तेव्हा त्याची चूक काढण्यात सात मिनिटं गेली. पडद्यावर वेळ संपल्याची सूचना आली तेव्हा नव्वदपैकी एकोणीस प्रश्नांना मी हातही लावला नव्हता. शेजारची मुलगी केव्हाच उठून गेली होती.

आणि मग पडद्यावर आकडा आला. तीनशेपैकी एकशे एक्याण्णव. खाली दोन चौकोन: गुण ठेवा, गुण रद्द करा. तीन दिवसांत ठरवा, म्हणजे मंगळवारी दुपारी बारापर्यंत. काहीच केलं नाही तर गुण राहतील. माझ्या क्लासची भिंत तुला आठवत असेल. दोनशे चाळीसच्या वर सोनेरी कागद, दोनशेच्या वर निळा, आणि त्याखाली पांढरा, ज्यावर नावापुढे 'मेहनत हवी' लिहितात. ही कल्पना माझीच. पांढऱ्या कागदाने माणूस जागा होतो, असं मी पालकांना सांगतो. मी शनिवारी जागा झालो तो अजून झोपलो नाही.

माझं एक चाळीस मिनिटांचं व्याख्यान आहे, 'रद्द करणं हेही धाडस'. लोक त्यावर टाळ्या वाजवतात. त्याचं सार असं की जो आकडा तुमची किंमत दाखवत नाही तो जगाला दाखवू नका. या व्याख्यानाप्रमाणे मी तिथल्या तिथे रद्द करून मोकळं व्हायला हवं होतं. पण बोट पुढे जाईना. घरी आल्यावर तुझ्या भावजयीला विचारलं. तिने भाजी चिरता चिरता माझ्याकडे न बघता सांगितलं, "साखर जास्त आली म्हणून कोणी अहवाल फाडला तर मी त्याला काय म्हणते, ते तुम्हाला माहितीये." माहितीये. ती अशा माणसाला गाढव म्हणते.

रविवारी मी व्याख्यानाची वही काढून बसलो, म्हटलं स्वतःचंच ऐकावं. चौथ्या पानावर समासात माझ्याच अक्षरात होतं: 'उदाहरण – भाची, २१२.' वर्षभर मी हे उदाहरण सांगतोय. एका धीट मुलीने दोनशे बारा रद्द केले, मोह टाळला, वगैरे. पुढे तिचं काय झालं ते मी सांगत नाही, तास संपतो. असो. तुझ्या टाचणीची गोष्ट वेगळी होती. तिच्यापुढे सारं आयुष्य होतं आणि मी मामा म्हणून तिच्या भल्याचंच बोललो होतो.

तर ताई, तू थोरली, तुझं डोकं थंड. एकशे एक्याण्णव ठेवू की पुसू? ठेवले तर परिचारिकेला खरं सांगावं लागेल. पुसले तर आणखी एक खोटं बोलावं लागेल, आणि खोटं बोलण्यात माझा हात बसलाय, एवढीच त्यातली सोय. भावोजींना नमस्कार, आणि हे पत्र त्यांना दाखवू नकोस. ते हसतील आणि खोकला वाढेल.

तुझाच,
धाकटा

ता. क. – वर 'वेगळी होती' असं लिहिलंय ते खोटं आहे. खोडणार होतो, पण खोडलं असतं तर तू दिव्यासमोर धरून वाचलं असतंस. टाचणीला हव्या असलेल्या संस्थेत दोनशे आठला प्रवेश मिळत होता. मला ते ठाऊक होतं. तिला दोनशे बारा पडले आणि तिने आनंदाने आधी मला फोन केला, तुलाही नंतर. मी रद्द कर म्हणालो, कारण सरांची सख्खी भाची आणि निळा कागद, हे मला भिंतीवर बघवलं नसतं. दुसऱ्या वेळी ती घाबरली, एकशे नव्याण्णव आले, आणि आज ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवतेय. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

ता. क. २ – माझे गुण रद्द केले तर पुढे काय होतं हे बघायला काल परीक्षेची नियमपुस्तिका उघडली. (चौदा वर्षं ती टेबलावर आहे, मी तिच्यावर चहाचा कप ठेवतो.) पान एकेचाळीसवर लिहिलंय की रद्द केलेले गुण एका वर्षाच्या आत अर्ज करून परत मिळवता येतात. टाचणीचं वर्ष येत्या शुक्रवारी संपतं. संस्था मागच्या वर्षीचे गुण धरते, मी तिथे विचारून घेतलं. अर्ज भरून सोबत ठेवलाय, फक्त तिची सही हवी. तुझी भावजय उद्या तुझ्याकडे येतेय, तिच्याच हाती पत्र देतोय. हे सगळं पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. आधी आगगाडी, गांडुळं आणि भावोजींचा खोकला समजावत बसलो, हे तू बघतेच आहेस.

ता. क. ३ – आत्ता घड्याळ पाहिलं. मंगळवार, साडेबारा. माझी मुदत बाराला संपली, तेव्हा मी बहुधा या पत्राच्या चौथ्या पानावर होतो. त्यामुळे सल्ला पाठवू नकोस, गुण राहिले. पांढरा कागद मी स्वतः कापून भिंतीवर डकवणार आहे. टाचणी सही करायच्या आधी विचारेल की या वेळी मामाचं का ऐकायचं. ऐकू नकोस, पान एकेचाळीस स्वतः वाच, असं तिला सांग. आणि मामाला तिच्यापेक्षा एकवीस कमी पडले, हेही सांग.