मोटार कोण चालू करतंय

३ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी ७.१०
अँटेना उभी राहिली. गच्चीवर लोखंडी खांब, खांबावरून दोन्हीकडे तांब्याची तार आणि मधोमध जोडलेली काळी केबल थेट माझ्या बेडरूममधल्या रेडिओपर्यंत. सगळं घरी केलेलं. केबल खाली आणायला वेगळी सोय करावी लागली नाही. पाण्याच्या टाकीच्या सेन्सरची वायर ज्या पाइपातून पंपरूमला जाते, त्याच पाइपाला बांधून टाकली. याला डोकं लागतं.

इकबाल बघून गेला. उद्यमनगरात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. हौशी रेडिओचं लायसन त्याचं माझ्या नऊ वर्षं आधीचं, त्यामुळे बोलायचा हक्क आपोआप. म्हणाला, भावा, करंट केबलच्या आतनं जायला पायजे, तुझा सालीवरनंबी पळणार बघ. केबलच अँटेना होऊन बसती मग. पाच काळ्या जड कड्या दिल्या. फेराइटच्या म्हणे. यातनं केबलचे धा-बारा वेढे काढ, पळायचं बंद हुतंय.
माझ्या अँटेनाला लगाम घालणार! कड्या ठेवून घेतल्या. एक या वहीवर वजन म्हणून बरी आहे.

सोसायटीची परवानगी तात्पुरती. खांब ठेवायचा की उतरवायचा हे २० तारखेच्या वार्षिक सभेत ठरणार. चेअरमन हंबीरराव, तळमजला, पंपरूमच्या शेजारी. गच्चीवर त्यांना सोलर बसवायचा आहे. म्हणजे माझ्या खांबावर डोळा. लक्ष ठेवणे.
संकल्प : महिनाअखेर रेडिओवरून जपानशी बोलायचं. इकबालची मदत न घेता.

४ एप्रिल, शुक्रवार
पहाटेपासून तयारी. कानाला हेडफोन, हातात माइक, शंभर वॅट. 'सीक्यू सीक्यू', म्हणजे कुणी आहे का, बोला. उत्तर नाही. जपान अजून उठला नसावा. (नंतर हिशोब केला. तिथे सव्वादहा वाजले होते. ऑफिसला गेला असणार.)

माइकच्या जाळीला ओठ लागले की मुंग्या येतात. बी-ट्वेल्व्ह कमी असणार. बायकोला, अनुजाला, सांगितलं.
रेडिओच्या मीटरची सुई जरा चुकीची दाखवत होती. केबल हातात धरली तर सुधारली. सोडली, बिघडली. परत धरली, सुधारली. हाताला गुण असतो एकेकाच्या.

याच गडबडीत गच्चीवरची टाकी भरून वाहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या श्यामलावहिनींनी वर्षाच्या चटणीसाठी चार किलो मिरची वाळत घातली होती, ती भिजली. जिन्यात आरडाओरडा. टाकी भरलेली असताना मोटार आपोआप चालू झालीच कशी म्हणे. आपोआप काही होत नसतं. सव्वीस वर्षं दूध संस्थांचं ऑडिट केलंय मी.

६ एप्रिल, रविवार
पुन्हा तेच. पुन्हा मिरची. वहिनी जिन्यात उभ्या राहून कुणाचं नाव न घेता बोलत होत्या. आवाज मात्र माझ्या दाराकडे.
संशय : हंबीरराव. मोटार गुपचूप चालू करायची, गच्ची भिजवायची, सभेत म्हणायचं, खांब आल्यापासून घोटाळा आहे. सरळ आहे.
आजपासून मोटारीचं रजिस्टर घातलं. वेळा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. मोटार चालू झाली की वहिनी तत्काळ टाकतात : 'परत सुरू!!' उद्गारचिन्हं दोन.
रेडिओचं रजिस्टर वेगळं आहेच. ते अर्थातच जागतिक वेळेत, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांची ती शिस्त. मोटारीचं घड्याळाच्या वेळेत, कारण मोटार इथली.

८ एप्रिल, मंगळवार
पहिलं उत्तर! जपान नव्हे, चंदगड. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं की आवाज फार लांबून आल्यासारखा येतोय आणि मागे घरघर आहे. चंदगड लांबच आहे. आणि घरघर त्यांच्याकडच्या पावसाची असावी. एप्रिलमध्ये पाऊस नसतो असं अनुजा म्हणाली. तिला चंदगड माहीत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
महत्त्वाचा पुरावा. आज मोटार चालू झाल्यावर एका मिनिटाच्या आत हंबीरराव बनियनवर पंपरूमकडे पळताना अनुजानं बाल्कनीतून बघितले. गुन्हेगार जागेवर येतोच! अनुजाचं म्हणणं, ते बंद करायला गेले असतील. बायका भोळ्या.

मी स्वतः पाळत ठेवली असती, पण नेमका त्याच वेळी मी हवेवर असतो, कानाला हेडफोन. म्हणजे या माणसाला माझी दिनचर्या पाठ आहे. किती खोल पाणी आहे हे.
ओठांच्या मुंग्या चालूच. गोळ्या आणल्या.

१३ एप्रिल, रविवार
जिन्यात वहिनी पहिल्यांदाच नाव घेऊन बोलल्या. तुमच्या त्या तारेनंच होत असंल की हो हे, अंबादासभावजी. मी शांतपणे दोन्ही रजिस्टरं काढून ताडून बघितली. नि:पक्षपातीपणे.
मोटार : ६.४०, ७.०५, संध्याकाळी ६.५०.
रेडिओ : ०१.१०, ०१.३५, १३.२०.
एकही वेळ जुळत नाही. मी सुटलो. खरं तर बिनदिक्कत सांगायला पाहिजे की मोटार चालते तेव्हा अंबादास हवेवर नसतोच. कागद बोलतो.

१६ एप्रिल, बुधवार
आज रेडिओला सुट्टी. सव्वासहा ते सव्वासात, पार्किंगमध्ये स्कूटरमागे दबा. मोटार चालू झाली नाही. हंबीरराव शांतपणे तुळशीला पाणी घालत होते. मला बघून म्हणाले, काय पावणं, काय हरवलं काय?
सुगावा लागला त्यांना. घरात फितूर कोण? अनुजा?

संध्याकाळी कसर भरून काढायला ६.५० ला बसलो. मोटार ६.५० ला चालू! मी वर अडकल्याची खात्री करूनच डाव टाकला. हद्द आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार
सभेची तयारी पूर्ण. फाईल : मोटारीचं रजिस्टर, रेडिओचं रजिस्टर, अनुजाची साक्ष (ती देणार नाही म्हणते). तांत्रिक तज्ज्ञ म्हणून इकबालला बोलावलं आहे. त्यानं फोनवर पहिलं काय विचारावं? कड्या घातल्या काय. विषय बदलला.

२० एप्रिल, रविवार. दुपारी ३
सभा झाली. लिहायची इच्छा नाही. पण रोजनिशी खरी ठेवायची, असं ठरवलं आहे.

पार्किंगमध्ये खुर्च्या. मी उभा राहिलो, पंधरा मिनिटं बोललो. हंबीररावांचं नाव घेतलं. हंबीरराव म्हणाले, आरं मी बंद कराय पळतोय, चालू कराय न्हाय. मी म्हणालो, हेच प्रत्येक जण म्हणतो. मग दोन्ही रजिस्टरं तज्ज्ञाच्या हातात दिली आणि खुर्चीत रेलून बसलो.

इकबालनं अर्धं मिनिट बघितलं. खोकला. पुन्हा बघितलं. मग खिशातलं पेन काढून माझ्या रेडिओच्या प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवले. हळूच म्हणाला, भावा, बस खाली. मी बसलेलाच होतो.
०१.१० म्हणजे ६.४०. ०१.३५ म्हणजे ७.०५. १३.२० म्हणजे ६.५०. अकराच्या अकरा वेळा. सोळा तारखेच्या सकाळी मी रेडिओ लावला नाही तर मोटारही नाही.

तरी मी म्हणालो, योगायोग असू शकतो. मग प्रयोग ठरला. सगळी सोसायटी पंपरूमपुढे, मी वर, फोन चालू ठेवून. एकदा 'सीक्यू' म्हणालो. खालून मोटारीचा आवाज आणि पाठोपाठ टाळ्या. हंबीरराव फोनवर ओरडले, आणि एकदा बोला की! बोललो. आणखी एकदा म्हणाले. तिसऱ्या वेळी वहिनींनी गच्चीवरची मिरची काढायला धाव घेतली.

इकबालनं सगळ्यांना समजावलं. केबलच्या सालीवरून पळणारा करंट शेजारच्या सेन्सरच्या वायरीत शिरतो, पंपाच्या पॅनलला वाटतं टाकी रिकामी. मुंग्याही त्याच्याच, घरघरही त्याचीच. आणि केबल धरल्यावर सुई सुधारते ती माझ्या गुणानं नव्हे, मीही अँटेनाचा भाग होतो म्हणून.
ठराव : आठ दिवसांची मुदत. मोटार एकदा जरी आपोआप चालू झाली तर खांब खाली. सूचक श्यामलावहिनी. अनुमोदन अनुजा.

शेवटी हंबीरराव जवळ आले. वाटलं आता ऐकवणार. म्हणाले, पंधरा मिनटं मला चोर म्हणत हुतासा, चला, च्या घ्या. चहा घेतला. साखर जास्त होती.

२१ एप्रिल, सोमवार
कड्या शोधल्या. एक या वहीवर. दोन पडद्याच्या दोऱ्यांना वजन म्हणून. एक कपाटाच्या लंगड्या पायाखाली. पाचवी अनुजानं काढून दिली, लोणच्याच्या फोडींवर दाब म्हणून बरणीत घातली होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, अर्थात.
कपाट आता डुगडुगतं.

इकबालनं केबलचे बारा वेढे काढले आणि ती सेन्सरच्या पाइपापासून सोडवून दुसऱ्या भिंतीवरून आणली. काही बोलला नाही. न बोलण्यातही एक प्रकारचा माज असतो.

२२ एप्रिल, मंगळवार
हवेवर सात वेळा. मोटार गप्प. ओठांना मुंग्या नाहीत. घरघर गेली, रेडिओ इतका स्वच्छ की बंद आहे असं वाटावं. केबल धरली, सोडली. सुई हललीसुद्धा नाही. गोळ्या वाया गेल्या.
खांब राहणार. मी जिंकलो, असंच म्हणायला हवं. जपान आता काही दिवसांचाच प्रश्न.

२८ एप्रिल, सोमवार
मुदत संपली. हंबीररावांनी जिन्यात हात केला. वहिनींची मिरची वाळून डंकावर कुटायला गेली.
०१.१०. सीक्यू. उत्तर नाही.
०१.१५. सीक्यू. उत्तर नाही.
०१.२०. हेडफोन काढून खिडकीतून खाली कान दिला. सीक्यू.
मोटारसुद्धा नाही. संबंध महिन्यात माझ्या प्रत्येक हाकेला न चुकता ओ देणारी तेवढी एकच होती.