तेविसावी फ्लॉपी

९ जून २००४, बुधवार

कीबोर्ड विकला तेव्हा फ्लॉप्यांचा विचारच केला नाही! रीताची तेरवी होऊन दोनच दिवस झाले होते. बाहेरच्या खोलीत तो चादर घालून ठेवलेला. चंद्रपूरचा एक ऑर्केस्ट्रावाला आला, देता का म्हणाला. दिला. वर चहा पाजला, पोहे खाऊ घातले. जाताना म्हणाला, "दादा, तुमी लय खंबीर हाव." असेल, म्हटलं.

आज रीताच्या कपाटात बिस्किटांचा डबा सापडला. आत तेवीस फ्लॉप्या. बाविसांवर तिच्या अक्षरात गाण्याचं नाव, गाणार कोण, तारीख. एक कोरी — तिला रबर गुंडाळलेलं.

अकरा वर्षांचं काम आहे ते. एका फ्लॉपीत एका गाण्याची स्टाइल, म्हणजे साथ. ढोलकी, बेस, टाळ — एकेक ठोका तिनं बोटानं भरलेला. डाव्या हातानं कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, धरायचा की साथ त्या कॉर्डमध्ये फिरते, उजव्या हातानं चाल वाजवायची. कंपनीनं दिलेल्या स्टाइलींवर आपल्याकडचं गाणं बसत नाही म्हणायची, चपलेत दुसऱ्याचा पाय घातल्यासारखं वाटतं. म्हणून सगळ्या स्वतः केल्या.

आणि त्या वाजतात फक्त त्या कीबोर्डवर!

१० जून

चंद्रपूरला फोन केला. त्यानं पुढे आदिलाबादला विकला. कोणाला, ते आठवत नाही म्हणतो.

१४ जून, सोमवार

गुंजनकडे गेलो. रीताची धाकटी बहीण. बसस्टँडसमोर कॉम्प्युटरचा क्लास चालवते. डबा टेबलावर ठेवला. तिनं आधी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊजी, कीबोर्ड काऊन विकला हो तुमी?"

"घरात जागा नव्हती."

"तीन खोल्यात दोन माणसं राहत होते. एक गेलं तं जागा कमी झाली का?"

मी डबा उघडला. फ्लॉप्यांना बुरशी लागते, हिंगणघाटच्या पावसात तर लागतेच, दोन-तीन वर्षांत सगळ्या जातील, असं सांगितलं. ती म्हणाली की नेटवर एक छोटा प्रोग्राम मिळतो. त्यात स्टाइलची फाइल टाकली की मिडीची फाइल होऊन बाहेर येते. मिडी कुठल्याही कॉम्प्युटरवर वाजते, कुठल्याही नव्या कीबोर्डवर वाजते. रोज दोन ते चार क्लास रिकामा असतो. लाइट असली तर.

निघताना म्हणाली, "खोकला अजून हायेच का? ताई म्हणे, वर्ध्याले छाती दाखवा म्हणून."

जिनिंगवाल्या सगळ्यांना असतो, म्हटलं. चौदाव्या वर्षी रुई ओढायला लागलो, तेव्हाचा आहे. काही होत नाही.

२ जुलै, शुक्रवार

पहिली निघाली! पंधरा दिवस गेले — अर्धे भारनियमनात, अर्धे मी माउस धरायला शिकण्यात. (गुंजन म्हणते मी तो वजनाचं माप धरल्यासारखा धरतो.)

स्टाइल सगळी एकसंध नसते. सुरुवात वेगळी, मुख्य ठेका वेगळा, दोन ओळींमध्ये ढोलकी जो तोडा मारते तो वेगळा — त्याला फिल म्हणतात — आणि शेवट वेगळा. प्रोग्राम त्याचे तुकडे करून देतो. ते ओळीनं चिकटवायचे, म्हणजे पूर्ण गाण्याची साथ होते. शिवाय सगळं एकाच कॉर्डवर निघतं. कारण कॉर्ड फ्लॉपीत नसतोच. तो रीताच्या डाव्या हातात होता. आता एकेक सूर उचलून माउसनं बदलायचा.

वाजवून पाहिलं. ढोलकी तिचीच. सम येण्याआधी किंचित दाबते, ते तसंच आलंय. साथ वाजत राहते, कोणी गायला लागेल म्हणून वाट पाहिल्यासारखी. चाल कुठेच नाही. असणारही नाही, स्टाइलमध्ये चाल भरतच नसतात.

गुंजन उठून बाहेर गेली. डोळे पुसत आली. मी म्हटलं, बेस थोडा जास्त झालाय.

"तुमाले काईच होत नाई का हो?"

खरं म्हणजे होत नाही. रीता जाऊन पाच महिने होत आले. भूक लागते, झोप लागते. दुकान उघडतो, लोकांचे भोंगे आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो, गिऱ्हाइकाला हसवतो. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ असतो, तसा मी सगळाच आहे.

९ जुलै

सहा झाल्या. सातवीच्या मध्यात लाइट गेली.

१९ जुलै, सोमवार

कोरी फ्लॉपी घातली. ड्राइव्ह कर्र कर्र करून थांबला. पडद्यावर विचारणा आली — ही फ्लॉपी फॉर्मॅट करायची का? मी सवयीनं "हो" वर नेलं. गुंजननं हात धरला!

"अहो, पुसून जाईन ना सगळं!"

"कोरीच आहे ती."

"कोऱ्या फ्लॉपीले ताई रबर कशाले लावीन?"

बाजूला ठेवली.

३ ऑगस्ट, मंगळवार

आज एक घोळ सापडला. मी पकडला, कानानं!

कल्पना, पंचफुला, साहिल — आमच्या ऑर्केस्ट्रात जे जे गायले त्यांच्या गाण्यांत फिल एक आवर्तनाचा आहे. असाच असतो. ओळ संपली, एक तोडा, पुढची ओळ. पण मी गायचो त्या नऊ गाण्यांत फिल लांब! एका आवर्तनाचं काम, आणि ढोलकी दुसऱ्यातही घुटमळत राहते. आम्ही वाजवायचो तेव्हा असं कधी नव्हतं. मला ऐकू आलं नसतं का? जिनिंगमध्ये नुसत्या आवाजावरून मी सांगायचो कोणत्या मशीनचं बेअरिंग जाणार. त्या कानावर तर हमालाचा ऑइलमन झालो, ऑइलमनचा भोंगेवाला आणि भोंगेवाल्याचा ऑर्केस्ट्रा-मालक.

"प्रोग्रामची चूक आहे," मी म्हटलं. "काप."

गुंजननं माउस सोडला. "प्रोग्रामची चूक असती तं सगळ्याच गाण्यात आली असती ना भाऊजी. तुमच्याच गाण्यात काऊन?"

"तू टायपिंग शिकव. ठेका मला कळतो."

तिनं माउस माझ्यापुढे सरकवला. मीच कापले. नऊच्या नऊ. आता घड्याळासारखं चालतं.

२४ ऑगस्ट

बावीस पूर्ण. कोरी तशीच राहिली.

२८ सप्टेंबर, मंगळवार

समुद्रपूरच्या देवीच्या मंडळाचा निरोप आला. कार्यक्रम करता का? अन्नपूर्णाबाई अध्यक्ष आहेत. म्हणाल्या, रीतावहिनीच्या नावानं करा. हो म्हटलं. कॉम्प्युटर गुंजनचा, भोंगे माझे, आणि ढोलकीला बंडूजी. बंडूजी पहिल्या दिवसापासून आमच्याकडे. स्टाइल आल्यावर त्याची ढोलकी बंद पडायला हवी होती, पण रीतानं त्यालाच शेजारी बसवून त्याच्या थापा कीबोर्डात भरल्या आणि स्टेजवर वरून पुन्हा त्यालाही वाजवायला लावलं. दोन ढोलक्या! लोकांना वाटे ऑर्केस्ट्रा मोठा आहे.

सुरुवात विहिरीच्या गाण्यानं करायची. शब्द माझे, चाल तिची. आमचा प्रत्येक कार्यक्रम त्यानंच उघडायचा.

१७ ऑक्टोबर, रविवार

समुद्रपूर. संध्याकाळी सातला सुरू केलं. गर्दी चांगली. विहिरीचं गाणं — पहिला अंतरा गेला. दुसऱ्याच्या तिसऱ्या ओळीला माझ्याकडे हवाच उरली नाही. ओळ संपली, फिल पडला, पुढची ओळ समोर आली आणि मी अजून आत ओढतोय. कॉम्प्युटर पुढे निघून गेला. एक ओळ गेली, दुसरी गेली. बंडूजीनं हात उचलून धरला, माझ्याकडे पाहत. मी माइकसमोर तोंड उघडं टाकून उभा.

लोकांना वाटलं मला रीताची आठवण आली. बाया पदर डोळ्याला लावून बसल्या! अन्नपूर्णाबाई पाणी घेऊन स्टेजवर आल्या, "राहू द्या भाऊ, बसा, आमाले समजते." टाळ्या पडल्या. आयुष्यात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

मला कोणाची आठवण आली नव्हती. दम संपला होता.

१८ ऑक्टोबर

बंडूजीकडेच मुक्काम होता. सकाळी ओट्यावर चहा घेताना त्यानं विचारलं, "भाऊ, ते फिल कोणं कापले?"

"मी. लांब झाले होते. चूक होती."

तो हसला नाही. बशी खाली ठेवली. "चूक नोती ते. वहिनीनं भरले होते तसे. तुमचा दम पुरत नाई, हे शहाण्णवपासून मले मालूम हाय. वहिनीले माह्या अगुदर मालूम. मले म्हणे, बंडूजी, यायच्या गाण्यात ढोलकी जराशी जास्त खेळवत जा. याइले समजू देजो नोको."

"मला कसं कळलं नाही?"

"तुमी गात होते ना! दुसरा कोणी बेताल झाला का तुमी कोसभरावरून ऐकता. सोताचं कसं ऐकू येईन?"

मग म्हणाला, "तुमी उचलत होते तवा ठेका येत होता, भाऊ. ठेक्यावर तुमी नोते उचलत."

चहा पिऊन बस पकडली. जामपर्यंत उभा होतो. जागा होती तरी.

१९ ऑक्टोबर

डबा काढला. माझ्या गाण्यांच्या नऊ फ्लॉप्या तारखेनं लावल्या आणि कापताना प्रत्येकीचा फिल केवढा होता ते आठवत गेलो. ९६ सालच्या दोन — फिल सव्वा आवर्तन. ९९ च्या चार — दीड. २००२ च्या तीन — पूर्ण दोन.

माझा दम डॉक्टरनंही एवढा नीट मोजला नसता.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

गुंजनला सगळं सांगितलं. मी म्हटलंच होतं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

कापलेले फिल परत घ्यायला फ्लॉप्या पुन्हा घातल्या. आठ वाचल्या. विहिरीच्या गाण्याची वाचली नाही. चकतीवर पांढरा ठिपका धरलाय. पावसाळ्यात डबा दुकानात ठेवला होता, मीच.

बाकीची आठ गाणी दुसऱ्यांची, कॅसेटवरून उचललेली. हे एकच आमचं होतं. आणि त्याचा फिल मी कापून टाकला.

मग कोरी फ्लॉपी आठवली.

२७ ऑक्टोबर, बुधवार

चार दिवस तिच्यामागे आहे. स्पिरिटचा बोळा फिरवला. चकती स्वच्छ आहे. तरी वाचत नाही.

आज डोळे मिटून ड्राइव्हला कान लावून बसलो. बाकी फ्लॉप्यांना आवाज टिक-टिक-टिक जातो. हिला टिक-टिक, मग घासल्यासारखा, मग परत मागे. म्हणजे फ्लॉपी चांगली आहे, कीबोर्डातलं लिहिणारं डोकं, हेड म्हणतात ते, सरकलेलं होतं. शेवटी शेवटी रीता म्हणायची, कीबोर्डाची फ्लॉपी अडकते, जरा पाहून द्या. मी म्हणायचो पाहतो. जानेवारीतली गोष्ट. मग तिला दवाखान्यात हलवलं आणि राहिलंच.

गुंजनकडे एक जुना ड्राइव्ह पडलेला आहे. त्याचं डोकं स्क्रूनं सरकवून हिच्या रेषेला आणता येईल. कानानंच आणावं लागेल.

"बिघडला तं?" गुंजन.

"तुझा ड्राइव्ह भरून देईन."

"ड्राइव्हचं कोण म्हणून राह्यलं, भाऊजी!"

२९ ऑक्टोबर

पाव फेरा. घासते. अजून थोडा. घासते. लाइट गेली.

३ नोव्हेंबर, बुधवार

वाचली!

सहा फाइली. सहाही विहिरीच्या गाण्याच्या. नावाच्या जागी साल घातलंय — २००५, २००८, २०११, २०१४, २०१७, २०२०. पहिलीत फिल अडीच आवर्तनांचा. मग तीन. मग चार. दर वेळी लय थोडी उतरवलेली. जानेवारीत भरल्यात, म्हणजे रिपोर्ट तिच्या हातात होते तेव्हा. मला वाटे, बसवत नाही तरी कशाला बसते कीबोर्डवर.

२०२० मध्ये मी बासष्टचा होईन. ती फाइल पडद्यावर उघडली. ढोलकी, बेस, टाळ, आणि खाली आणखी एक ओळ, साथीत कधी नसते ती. सूर वाचत गेलो. विहिरीच्या गाण्याची चाल आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तिच्या उजव्या हाताची. तोवर मला गाता येणार नाही असा हिशोब धरलाय तिनं.

गुंजननं माउसवर बोट ठेवलं. "लावू?"

"नको," म्हटलं. "अजून वेळ आहे."

उद्या सकाळच्या गाडीनं वर्ध्याला जातो, छाती दाखवायला. सोळा वर्षं काढायची आहेत.