अकरा किलोवॅटचा सूड

२ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.
ठरलं. धडधड्याला सोडायचा नाही.

धडधड्या म्हणजे माझा साडू, हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वय बावन्न, गुडघे दुखतात, पण मोटारसायकल अशी की ती कोपऱ्यावर वळली की आमच्या कपाटातल्या कपबशा वाजायला लागतात. आज दोघं जेवायला आले होते. हात धुतल्या धुतल्या हिला म्हणाला, चल, एक चक्कर मारून आणतो. आणि ही गेली! सेहेचाळीसाव्या वर्षी, केस बांधून, खुशाल टांग टाकून बसली.

तेरा मिनिटांनी परत आले. गाडी दिसायच्या आधी हिचं हसणं ऐकू आलं. अगदी पोटातून. असं हसणं आमच्या घरात गेली दहा-अकरा वर्षं तरी झालेलं नाही. मला काहीही वाटलं नाही. हेल्मेटचा पट्टा सैल होता आणि तो नियमभंग आहे, एवढंच मी म्हणालो. त्यावर धडधड्या म्हणाला की साहेबांना नियम सगळे पाठ, पण सायकलवरून उतरताना अजून भिंत धरतात. सगळे हसले. ही सगळ्यात जास्त.

३ फेब्रुवारी. ऑफिस.
रात्रभर शांत झोप. (चार वेळा उठलो, पण पाणी प्यायला.)

वाहन परवाना कार्यालय, खिडकी क्रमांक चार, शिकाऊ दुचाकी. बावीस वर्षं इथे बसून मी लोकांना मोटारसायकलवर बसवलं. शिकाऊंना एकशेपंचवीस सीसी आणि अकरा किलोवॅटपर्यंतच. पुढे-मागे एल पाटी. मागे कुणाला बसवायचं नाही, हायवेवर जायचं नाही. परीक्षा पास झाली की दोन वर्षं पस्तीस किलोवॅट. त्यानंतर मोकाट. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मग गाडी चालवणं असं कितीसं अवघड असणार?

प्लॅन: वीस एप्रिलला सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस, टेकडीवरच्या घरी. त्या दिवशी मी स्वतःच्या मोटारसायकलवरून, हिला मागे बसवून, धडधड्याच्या डोळ्यांदेखत फाटकातून आत शिरणार. आणि हेल्मेट काढून म्हणणार: "काय दादा, फार मागे पडलात?"

शहात्तर दिवस आहेत. रग्गड झाले.

६ फेब्रुवारी.
लेखी परीक्षा. पन्नासपैकी पन्नास! एका प्रश्नात स्वल्पविराम चुकला होता, तोही दाखवून दिला. निकालाचा कागद हिच्यासमोर धरला. म्हणाली की गॅस संपलाय.

८ फेब्रुवारी.
गाडी आली. एकशेपंचवीस सीसी, बरोब्बर अकरा किलोवॅट. रंग राखाडी. लाल होता, पण लाल रंग आत्मविश्वास नसलेले लोक घेतात. हिने विचारलं की मला कधी नेणार. समजावून सांगितलं की एल पाटी असेपर्यंत मागे बसवणं बेकायदा आहे. म्हणाली, बरं. शिंप्याने पुढच्या आठवड्यात देतो म्हटल्यावर म्हणते तसलं बरं.

१६ फेब्रुवारी. सकाळी सात.
ट्रेनिंगचा पहिला दिवस. बंद पडलेल्या कारखान्याचं पार्किंग. शिकवायला एक बाई आहेत, तिशीच्या, फार बोलत नाहीत. मी त्यांना अकरा किलोवॅट म्हणजे साधारण पंधरा घोडे, हे सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, बरोबर आहे, पण क्लच सोडा.

सोडला. पंधराच्या पंधरा घोडे एकदम उठले. कुंपण जुनंच होतं.

२३ फेब्रुवारी.
प्रगती उत्तम. सरळ जाता येतं. वळणं ही पुढची पायरी. नडगीला पट्टी.

मी आज आरशासमोर "काय दादा, फार मागे पडलात?" सोळा वेळा म्हटलं. "फार" वर जोर द्यायचा की "मागे" वर, ठरत नाही. ही दारात उभी होती, हे उशिरा कळलं.

२७ फेब्रुवारी. दुपारी दीड.
सापडलं!

जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये गेलो होतो. सहजच. धडधड्याच्या गाडीची फाइल सहजच हाताला लागली. (तिसऱ्या कपाटात, सर्वात खाली, दोरीने बांधलेली.) गाडी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. आधीचा मालक नवशिका, परवान्याच्या दुसऱ्या टप्प्यातला. त्याला पस्तीस किलोवॅटच्या वर परवानगी नाही, म्हणून त्याने इंजिनात लिमिटर बसवून घेतला होता. आणि तो काढल्याची नोंद कुठेच नाही!

म्हणजे गाडी मूळची सत्तर किलोवॅटची. चालते पस्तीसवर. चौऱ्याण्णव घोड्यांपैकी सत्तेचाळीस तीन वर्षं तबेल्यात बांधून ठेवलेत आणि या बाबाला पत्ता नाही. अर्धी गाडी! अर्ध्या गाडीवर एवढी मिजास!

डबा न खाता खिडकीवर परत आलो. भूकच नव्हती. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

१ मार्च.
खरं तर हे वाढदिवसाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं होतं. पण मला धीर धरवेना. शिवाय तोंडी सांगितलं तर तो हसण्यावारी नेईल. लेखी हवं. सरकारी कागदावर, जावक क्रमांक घालून. तो त्याने बायकोसमोर उघडावा आणि त्याचं तोंड कसनुसं व्हावं.

३ मार्च.
पत्र गेलं. "आपल्या वाहनाची शक्ती निम्म्यावर मर्यादित असल्याचे निदर्शनास आले आहे." निम्म्यावर हा शब्द ठळक केला. बाकी मजकूर नेहमीच्या नमुन्यातला. हा नमुना नऊ वर्षांपूर्वी मीच तयार केला होता, साहेबांनी तेव्हा कौतुक केलं होतं.

१० मार्च. सकाळी अकरा.
धडधड्या खिडकीवर आला.

मी तयारच होतो. चष्मा पुसून, मान ताठ करून बसलो. त्याने खिडकीतून दोन्ही हात आत घातले आणि माझे हात धरले. डोळ्यांत पाणी! म्हणाला की तीन वर्षं गाडी चढावर धापा टाकायची, चार मेकॅनिक झाले, कुणाला कळलं नाही. तुम्ही माझे डोळे उघडलेत, सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलंत.

आणि त्याने अर्ज पुढे सरकवला. लिमिटर काढण्याचा. नमुना चौदा.

त्याला नमुना चौदा कुणी सांगितला? तर पत्रात होता. शेवटचा परिच्छेद: "सदर मर्यादा हटविण्यासाठी नमुना चौदामध्ये खिडकी क्रमांक चार येथे अर्ज करावा." प्रत्येक पत्रात उपाय लिहिलाच पाहिजे, हा माझाच आग्रह. नऊ वर्षं मी तो परिच्छेद न वाचता पाठवतोय.

अर्जात चूक शोधली. वीस मिनिटं. फोटो योग्य मापाचा. सही चौकटीत. खाडाखोड नाही. बाहेरच्यांना सहसा न जमणारा सातवा रकानासुद्धा अचूक भरलेला. अक्षर ओळखीचं वाटलं. किराणाच्या यादीत रोज बघतो ते अक्षर.

शिक्का मारला. शाई कमी आहे असं सांगून पाहिलं, तर शेजारच्या खिडकीतल्या मॅडमनी स्वतःचं पॅड पुढे केलं.

घरी येऊन हिला जाब विचारला. म्हणाली, अहो, भाऊजींनी विचारलं, मी भरून दिला. बावीस वर्षं तुमच्याकडून ऐकतेय, मला सगळे नमुने पाठ झालेत.

१५ मार्च.
लिमिटर निघाला. धडधड्या दाखवायला आला होता. एक बशी फुटली. सेटमधली.

ही पुन्हा चक्कर मारून आली. यावेळी हसणं नव्हतं, किंकाळी होती. मग हसणं. मग बराच वेळ नुसतंच हसणं. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. तेच पान.

एवढं मात्र लिहून ठेवतो: माझं काहीही बिघडलेलं नाही. वेगाने काय होतं? मागे हिला बसवून शांतपणे, कायद्याने फाटकातून शिरणं, यातच खरी शान. पास होण्याचा अवकाश.

३० मार्च.
आठचा आकडा जमतो. वरचा गोल पूर्ण जमतो. ट्रेनरबाई म्हणाल्या की अजून महिनाभर थांबा. या लोकांना क्लासची मुदत वाढवायची असते.

२ एप्रिल, बुधवार.
परीक्षा. परीक्षक आमचाच, रोज माझ्याबरोबर चहा पितो. सवलत नको, असं मी त्याला आधीच बजावलं होतं. त्याने ऐकलं.

आठच्या आकड्यात खालच्या गोलात डावा पाय टेकला. जेमतेम. बुटाचं टोक. पूर्वी एकदा पाय टेकलेला चालायचा. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सूचना पेटीत चिठ्ठी टाकली की असली ढिलाई बंद करा, एकदा टेकला की नापास. परीक्षक म्हणाला, तुमचीच चिठ्ठी ना ती?

पुन्हा परीक्षा वीस कामाच्या दिवसांनंतर. हे वीससुद्धा त्याच चिठ्ठीत होते.

३ एप्रिल.
धडधड्याचा फोन. कळलं म्हणे. वाईट वाटून घेऊ नका म्हणाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याने टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

१३ एप्रिल.
नवा प्लॅन. एल पाटी लावून एकटाच जाणार, पण त्याच्या आधी पोहोचणार. तो आळशी आहे, नऊशिवाय निघत नाही. मी सातला निघणार. मेहुणी तयारीसाठी दोन दिवस आधीच माहेरी जाणार आहे, तेव्हा धडधड्याची मागची सीट रिकामी. हिला बसने जा म्हणालो. ही म्हणाली, बघते.

२० एप्रिल, रविवार.
सकाळी ७. निघालो. शिकाऊंना हायवे बंद म्हणून जुन्या रस्त्याने. हवा छान. राखाडी रंग उन्हात चांगला दिसतो.

९.४०. शेवटच्या चढावर गाडी बंद पडली. किरकोळ आहे. स्टार्टर दाबतोय.

१०.२०. अजून दाबतोय. आता नुसतं टिक टिक होतंय. माहितीपुस्तिका घरी.

१०.४५. आधी आवाज आला. धडधड नव्हे, गर्जना. मग हिचं हसणं. मग दोघं दिसले. मला पाहून थांबले. मी दगडावर बसलो होतो, म्हणालो की जरा देखावा बघतोय. हिचं हसू मला पाहूनही थांबलं नाही, याची नोंद ठेवतो. तुम्ही व्हा पुढे म्हणालो. तर झालेच पुढे!

मी तिथे दगडावर बसून धडधड्याचा सत्यानाश चिंतला. टायर पंक्चर व्हावं. गुडघा धरावा. फाटकातच आपटावा. एकेक सविस्तर. सगळं झाल्यावर मग हिच्यावर आलो, आणि तिथे मात्र काही सुचेना. मला फक्त एकदा ते हसणं माझ्या पाठीशी हवं होतं. एवढंच हवं होतं.

संध्याकाळी, सासऱ्यांच्या ओट्यावर.
पुढचं लिहितो.

तासाभराने धडधड्या एकटाच परत आला. हिला वर सोडून, मला न्यायला. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकला, आणि हँडलवरचं लाल बटण अंगठ्याने वर केलं. ते खाली गेलं की इंजिन बंद पडतं आणि पुन्हा सुरूच होत नाही म्हणे. माझ्या हातमोज्याने दाबलं गेलं असणार. बटणाचं नाव, उपयोग, कलम, सगळं मला माहीत आहे. लेखी परीक्षेतला एकोणतिसावा प्रश्न. पण तोवर बॅटरी मेली होती. गाडी तिथल्याच एका बंद गॅरेजपुढे ठेवली. धडधड्या हसला नाही. नवख्यांचं होतं असं, माझंही झालं होतं, म्हणाला.

आणि मला मागे बसायला सांगितलं.

कुठे धरायचं, विचारलं. म्हणाला, मला धरा. धरलं. जाकिटाला. पहिल्या वळणानंतर पोटाला. सत्तर किलोवॅट ही मी आयुष्यभर रकान्यात लिहीत आलो ती संख्या. ती पाठीतून अशी वर येते, हे कोणत्याच नियमावलीत नाही. त्याने मान वळवून विचारलं की हळू घेऊ का. मी नको म्हणालो. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा ओरडून नको म्हणालो.

फाटकातून आत शिरलो. सासरे, मेहुणी, शेजारीपाजारी, सगळे ओट्यावर उभे. मला वाटलं उशीर झाला म्हणून काळजीत असतील. ही पुढे आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, अहो, तुम्ही हसत होतात. गाडी दिसायच्या आधी ऐकू आलं. किती वर्षांनी.

"काय दादा, फार मागे पडलात?" हे म्हणायचं राहून गेलं.

२१ एप्रिल. ऑफिस, खिडकी उघडायच्या आधी.
नियमावली तपासली. मागे बसायला परवाना लागत नाही. किमान वय दिलंय, कमाल नाही. हेल्मेटचा पट्टा तेवढा घट्ट हवा. काल माझा सैल होता.

सूड रद्द केलेला नाही. धडधड्या येत्या रविवारी जेवायला येतोय. जेवणानंतर एक चक्कर मारून आणतो म्हणालाय. कोणाला, ते त्याने सांगितलं नाही. मी हिच्या आधी जेवून उठणार आहे.