बाहेरून लावलेली कडी

अण्णा, घरात कुत्र्याचं पिल्लू आणलंय हे ऐकून तुम्ही आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "शेत हाय का तुझं राखायला?" नांदेडात तिसऱ्या मजल्यावर ते काय राखणार! पण तुमच्या नातीनं हट्ट धरला आणि तुमचे जावई शनिवारी लातूरहून येताना पिल्लू घेऊन आले, सोबत तारेचा एक पिंजरा. त्याला पिंजरा म्हणायचं नाही, क्रेट म्हणायचं, अशी मला ताकीद आहे. आम्ही कामावर गेलो की पिल्लानं त्यात निवांत पडून राहावं, एवढाच त्याचा उपयोग.

पहिल्या दिवशी मी त्याला सरळ उचललं, आत सारलं आणि दार लावलं. लेकीनं माझा हातच धरला. "आई, असं नाही करायचं. त्याला शिक्षा वाटेल ती." तेव्हापासून ती रोज त्या क्रेटसमोर फरशीवर बसून असते. दार सताड उघडं. उकडलेल्या अंड्याचा तुकडा आधी दारात, मग जरा आत, मग पार कोपऱ्यात. पिल्लू आपल्या पायानं आत गेलं की "शाब्बास!" आणि आणखी एक तुकडा. मग दार नुसतं लोटायचं, दहा आकडे मोजायचे आणि ते घाबरायच्या आत उघडायचं. दुसऱ्या दिवशी वीस. "इतके लाड माणसांचे कुणी करत नाही," मी म्हणाले आणि माझंच बोलणं मला लागलं.

कारण तुम्ही केले होते. लोह्याजवळच्या तुमच्या शाळेत पहिलीचं रडकं पोर बाप खांद्यावर टाकून आणतो, वर्गात सोडतो आणि घाईघाईनं कडी घालायला बघतो. तुम्ही खुर्चीतूनच म्हणता, "कडी लावू नगा. दार उघडं असू द्या. येतंय लेकरू त्याच्या पायानं." तुमच्या खिशात फुटाणे असायचे. उंबऱ्यावर बसलं की दोन, आत सतरंजीवर आलं की चार. मीसुद्धा त्याच फुटाण्यांवर वर्गात बसायला शिकले, आणि पुढे तुमच्यासारखीच शिक्षिका झाले.

आणि मी काय केलं? आई गेल्यावर तुम्हाला इथं आणलं तेव्हा तुम्हाला बरंचसं आठवेनासं झालं होतं. दोनदा तुम्ही पिशवी घेऊन बसस्टँडवर सापडलात, शाळेची वेळ झाली म्हणून. तिसऱ्यांदा नको, म्हणून मी सुताराला बोलावून तुमच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली. दिवसा घरात कुणी नसायचं. ताट झाकून ठेवायचे, तांब्या भरून ठेवायचे, कडी लावायचे आणि निघायचे. दार लोटून दहा आकडे कधी मोजले नाहीत, कडी का लावते तेही कधी समजावून सांगितलं नाही. एकदा संध्याकाळी कडी काढली तर तुम्ही दारामागेच उभे, पायात चपला, खांद्याला पिशवी. माझ्याकडं बघून हळूच विचारलंत, "बाई, सुट्टी झाली का?" मी म्हणाले, "हाव, झाली." मी तुमची लेक आहे, एवढंही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कडी लावली, आणि तुम्ही जाईपर्यंत वर्षभर लावत राहिले.

सगळे म्हणतात, तुझा नाइलाज होता. होताही. पण काल दुपारी पिल्लू आपण होऊन क्रेटमध्ये गेलं आणि दार उघडं असताना तिथंच गाढ झोपलं. लेक आनंदानं मला बोलवायला आली तर मी ते आधीच बघून स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडत होते. तिला वाटलं, मला पिल्लाचं कौतुक वाटलं.

ही चिठ्ठी तुमच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं. शनिवारी आमची शाळा सकाळची असायची, साडेअकराला सुटायची. घरी मी सांगून ठेवलं होतं की दोनपर्यंत मीटिंग असते. मीटिंग कधीच नव्हती, अण्णा. तुम्ही दारामागे उभे असाल हे मला माहीत असायचं, आणि मी स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून चहा पीत असायचे.